डिझाइन शिकलेले नाही, पण विक्रीची पानं मलाच बनवायची आहेत. सुरुवात कुठून करू?

अनघा_व

नमस्कार मंडळी,

मी औद्योगिक वजनकाटे विकते. प्लॅटफॉर्म काटे, टेबलावरचे काटे, त्यांचे इंडिकेटर (वजनाचे आकडे दाखवणारा डबा), लोडसेल (काट्याच्या आतला वजन ओळखणारा सेन्सर). कंपनी लहान आहे, विक्रीला आम्ही मोजकेच लोक आणि डिझायनर कोणी नाही. ग्राहकाला पाठवायचं एकपानी माहितीपत्रक, कोटेशनबरोबरचं सादरीकरण, व्हॉट्सॲपवर टाकायची चित्रं, सगळं ज्याचं त्यानेच करायचं. माझं शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशनचं. चित्रकलेचा आणि माझा संबंध शाळेबरोबर संपला.

मशीन मला आतून-बाहेरून माहीत आहे. समोर बसून समजावलं की ग्राहकाला पटतं. तीच गोष्ट पानावर उतरवायला बसले की गाडी अडते.

सध्याचं पान असं आहे: वर लोगो, मधे काट्याचा फोटो (उत्पादकाकडून आलेला, पांढऱ्या पार्श्वभूमीचा), उजवीकडे पाच गोल चिन्हं आणि त्यांखाली 'अचूक', 'टिकाऊ', 'वापरायला सोपा', 'आधुनिक', 'विश्वासार्ह', आणि खाली तांत्रिक माहितीचा मोठा तक्ता. टेम्प्लेट तयार घेतलं होतं, त्यामुळे दिसायला वाईट नाही. पण पान मिळाल्यावरही ग्राहक फोन करून तेच तीन प्रश्न विचारतात. आमच्याकडची सगळ्यात लहान वस्तू यावर मोजता येईल का? काम झाल्यावर पाण्याने धुतला तर चालेल का? आमच्या संगणकाला जोडता येईल का? तिन्हींची उत्तरं तक्त्यात आहेत. कोणी तिथपर्यंत पोहोचत नाही.

मला विचारायचंय ते हे. कोणतं सॉफ्टवेअर धरू? रंग आणि फाँट कसे ठरवायचे? आमचे बरेच ग्राहक मराठीत वाचणं पसंत करतात, पण टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर टाकला की सगळं विस्कटतं, त्याचं काय करायचं? आणि आधी एखादा डिझाइनचा कोर्स करावा का?

हे काम मला मनापासून चांगलं करायचंय. सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

---

कोरापान

सॉफ्टवेअरचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

जे हाताशी आहे आणि ज्यावर तुमचा हात बसलाय तेच धरा. पॉवरपॉइंट असेल तर पॉवरपॉइंट. एकपानी माहितीपत्रकासाठी ते पुरतं, आणि फायदा असा की पुढच्या महिन्यात मॉडेलचा नंबर बदलला तर ऑफिसातलं कोणीही दुरुस्ती करू शकतं. कॅनव्हा आणि फिग्मा ब्राउझरमध्ये चालतात, दोन-तीन जणांनी एकाच फाइलवर काम करायचं असेल तर ते सोयीचे.

पॉवरपॉइंटमध्ये एका गोष्टीकडे आवर्जून लक्ष द्या. स्लाइड साइझच्या यादीत 'ए४ पेपर' निवडलंत तर पान २७.५२ × १९.०५ सेंटिमीटरचं होतं. खरा ए४ कागद २९.७ × २१ सेंटिमीटरचा. म्हणजे छापताना एक तर कडा सुटतात किंवा सगळं ताणलं जातं. कस्टममध्ये जाऊन रुंदी २१, उंची २९.७ स्वतः टाइप करा, आणि मगच कामाला लागा. नंतर आकार बदलला की मांडलेलं सगळं हलतं.

दुसरं म्हणजे स्लाइड मास्टर. लोगो, फोन नंबर, पानाच्या कडेचं अंतर हे सगळं तिथे एकदाच ठरवा. मग दर नव्या पानाला तेच ते करावं लागत नाही आणि सगळी पानं एका घरातली दिसतात.

व्हॉट्सॲपच्या चित्रांसाठी वेगळी फाइल ठेवा, १०८० × १३५० पिक्सेल. ए४ पानाचा स्क्रीनशॉट पाठवू नका, फोनवर त्यातली अक्षरं मुंगीएवढी होतात. आणि चित्र फोटो म्हणून पाठवलं की आकुंचन होऊन जातं. बारीक अक्षरं असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

---

पाटीपेन्सिल

अनघाताई, तुमचं पान तुमच्या प्रश्नातच तयार आहे. ग्राहक फोनवर जे तीन प्रश्न विचारतात, तो पानाचा आराखडा. तीन प्रश्न, तीन उत्तरं, प्रत्येक उत्तराला एक चित्र. लोगो कोपऱ्यात जाईल, तक्ता मागच्या बाजूला जाईल.

मी पंप आणि व्हॉल्व्ह विकत आलोय. डिझाइनचं शिक्षण मलाही नाही, त्यामुळे हे सगळं विकणाऱ्याच्या बाजूने लिहितोय. आणि माझं ठाम मत आहे की विक्रीच्या पानाचं निम्म्याहून जास्त काम चित्र काढण्याच्या आधीच होतं. ते काम करायला मशीन आणि ग्राहक दोन्ही माहीत असलेला माणूस लागतो. बाहेरच्या डिझायनरला ते तुम्हीच सांगावं लागलं असतं.

याला एक जुना आणि मोठा दाखला आहे. १९२५ साली ओटो नॉयराट यांनी व्हिएन्नात एक संग्रहालय सुरू केलं. घरं, आरोग्य, कामधंदा यांची आकडेवारी साध्या माणसाला चित्रांतून कळावी म्हणून. त्या पद्धतीला पुढे आयसोटाइप हे नाव मिळालं. चित्रं रेखाटायला गेर्ड आर्न्ट्स होते, आकडे द्यायला तज्ज्ञ होते. आणि या दोघांच्या मधे मारी राइडेमाइस्टर होत्या, ज्या नंतर मारी नॉयराट झाल्या. गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेल्या बाई. तज्ज्ञाकडून आलेल्या ढिगातून काय दाखवायचं, काय गाळायचं, कशाशेजारी काय ठेवायचं, हे ठरवणं त्यांच्याकडे होतं. त्या भूमिकेला तिथे 'ट्रान्सफॉर्मर' म्हणत. ती एक स्वतंत्र आणि महत्त्वाची भूमिका मानली जायची, रेखाटणाऱ्याच्या आधीची. तुमच्या कंपनीत ती जागा तुमची आहे. म्हणून कोर्सचं नंतर बघू, आधी ही जागा घ्या.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते.

चित्राआधी वाक्य लिहा. पूर्ण वाक्य, क्रियापदासकट. 'अचूक' हे वाक्य नव्हे, त्याचं चित्र निघत नाही, म्हणून मग माणूस तयार चिन्हांच्या पेटीतून नेमबाजीचं लक्ष्य उचलतो. 'टिकाऊ'साठी ढाल येते, 'आधुनिक'साठी दातेरी चक्र. तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या पानावरही हीच पाच चिन्हं शोभतील. जे त्याच्या पानावर जसंच्या तसं चालेल ते तुमच्या पानावर काही विकत नाही. तेव्हा पाचही काढा.

पहिला प्रश्न घेऊ: सगळ्यात लहान वस्तू मोजता येईल का? याचं उत्तर तुमच्या काट्याच्या पाटीवरच असतं. मॅक्स (कमाल वजन), मिन (किमान वजन) आणि ई (काट्याच्या पडताळणीसाठी धरलेला वजनाचा टप्पा). क्लास ३ च्या (मध्यम अचूकतेच्या) काट्याला किमान वजन २० ई असतं हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे ३० किलोच्या काट्याला ई ५ ग्रॅम असेल तर १०० ग्रॅमपासून, आणि ३०० किलोच्या प्लॅटफॉर्मला ई ५० ग्रॅम असेल तर १ किलोपासून. ग्राहकाला 'ई = ५ ग्रॅम' कळत नाही, '१०० ग्रॅमपासून मोजा' कळतं. मग वाक्य झालं: 'हा काटा १०० ग्रॅमपासून ३० किलोपर्यंत मोजतो.' चित्र? एक आडवी पट्टी, डाव्या टोकाला मूठभर नट-बोल्टची थैली, उजव्या टोकाला भरलेला खोका. खरे फोटो, तुमच्याच गोदामात काढलेले.

एकाहून जास्त मॉडेल असतील तर तक्ता ग्राहकाच्या बाजूने उलटा करा. डावीकडे मॉडेल नंबर लिहायची पद्धत आपल्या सोयीची आहे. डावीकडे त्याची वस्तू लिहा: सुटे भाग, पार्सल, पावडरची गोणी, ड्रम. उजवीकडे त्या वस्तूला चालणारं मॉडेल. तो आपली ओळ बोटाने शोधेल आणि थेट नंबर सांगेल. या एका बदलाने पान किती हलकं होतं ते करूनच बघा.

आकडे चित्रात दाखवताना आयसोटाइपचा एक नियम कायम पाळा. संख्या मोठी असेल तर तेच चिन्ह जास्त वेळा काढायचं, चिन्ह मोठं करायचं नाही. दुप्पट दाखवायला खोका दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद केला की कागदावर तो चौपट जागा घेतो, आणि डोळ्याला तो दुपटीहून बराच मोठा वाटतो. न कळत खोटं बोलणं होतं. तसंच स्तंभालेखाचं: स्तंभ शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅक्गिल यांनी १९८४ साली प्रयोग करून दाखवलं की माणसाला एकाच पट्टीवरची जागा अचूक वाचता येते, कोन तितका नीट वाचता येत नाही. म्हणून तुलना करायची असेल तर गोल पाय-चार्टऐवजी साधे आडवे स्तंभ बरे.

मांडणीबद्दल थोडक्यात. पानावर सगळ्यात मोठी गोष्ट एकच असू द्या. मोठं आणि मध्यम यांत फरक ठसठशीत ठेवा. १४ आणि १६ पॉइंटमधला फरक कोणाला दिसत नाही, १२ आणि २८ मधला दिसतो. फोटोबद्दलचं वाक्य फोटोला चिकटून, पुढच्या विषयापासून लांब. सगळा मजकूर एकाच डाव्या रेषेवर. मधोमध आणलेला परिच्छेद वाचताना डोळा दर ओळीला सुरुवात शोधतो. मोकळी जागा राहिली तर राहू द्या, ती भरायची घाई नको.

रंग एकच निवडा, कंपनीचा असेल तो. बाकी काळा आणि राखाडी. तो एक रंग फक्त जिथे नजर जायला हवी तिथे. निळ्यावर नारिंगी अक्षरं टाकायच्या आधी काँट्रास्ट तपासा. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या अक्षरांना किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ असं प्रमाण दिलंय. दोन रंग टाकले की प्रमाण सांगणारी मोफत साधनं आहेत. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१. पांढऱ्यावर शुद्ध पिवळं जेमतेम १.०७:१, म्हणजे जवळपास अदृश्य. शंका असेल तर पान कृष्णधवल छापून बघा. बऱ्याच ग्राहकांच्या ऑफिसात ते तसंच छापलं जाणार आहे.

पान झालं की विक्रीतल्या कोणाला दाखवू नका, ते चांगलंच म्हणतील. स्टोअरमध्ये किंवा अकाउंट्समध्ये बसणाऱ्या माणसाच्या हातात द्या, थोड्या वेळाने काढून घ्या आणि विचारा, 'काय होतं त्यात?' तो जे पहिलं सांगेल ते तुमच्या पानाचं खरं शीर्षक. ते तुमच्या वाक्याशी जुळलं तर पाठवा.

आणि कोर्स? एखादं पान पूर्ण करा आणि ग्राहकाकडे जाऊ द्या. नंतर कोर्स केलात तर काय शिकायचंय ते तुम्हाला नेमकं माहीत असेल.

---

अनघा_व

पाटीपेन्सिल, किती नेमकं लिहिलंत! उलटा तक्ता तर आजच करून पाहिला. मॉडेल जितकी आहेत तितक्या ओळी लागत होत्या, वस्तूंच्या बाजूने केल्यावर निम्म्या झाल्या.

दुसऱ्या प्रश्नाचं वाक्य असं लिहिलंय: 'बिनधास्त धुवा, आयपी ६७.' आणि चित्र म्हणून नळीने जोरात पाणी मारतानाचा काट्याचा फोटो डोक्यात आहे. दिसायला जोरदार होईल. ठीक वाटतंय का?

---

पाटीपेन्सिल

फोटो जोरदार होईल, पण जरा थांबा.

आयपी ही धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवलं तरी बिघडत नाही. पाण्याचा झोत ही वेगळी चाचणी आहे: ५ म्हणजे झोत, ६ म्हणजे जोरदार झोत. ७ ची चाचणी पास झालेलं उपकरण ५ किंवा ६ चीही पास झालंय असं धरायचं नसतं. दोन्ही झाल्या असतील तर प्रमाणपत्रावर दोन्ही आकडे लिहिलेले असतात. उच्च दाबाच्या गरम पाण्याने धुणं ही तर आणखी वेगळी, आयपी ६९.

तेव्हा आधी प्रमाणपत्र काढून बघा, आणि हेही बघा की ६७ कोणाचं आहे. पुष्कळदा लोडसेल आयपी ६७ असतो आणि इंडिकेटर त्याहून कमी. असं असेल तर फोटोत पाणी फक्त प्लॅटफॉर्मवर दिसू द्या, इंडिकेटर वर खांबावर कोरडा. वाक्य लिहा: 'प्लॅटफॉर्म धुवा, इंडिकेटर फडक्याने पुसा.' ग्राहकाला याच सूचनेची गरज आहे आणि तुमच्या सर्व्हिसवाल्यांनाही.

शब्दांत आपण अटी घालतो, चित्रात अट दिसत नाही. नळीचा फोटो पाहिलेला माणूस प्रेशर वॉशर घेऊन उभा राहील आणि म्हणेल, तुमच्याच पानावर होतं. चित्र हे लेखी आश्वासन समजून तपासा. त्यामुळेच मशीनच्या फोटोसाठी एआयने बनवलेलं चित्रही मी वापरत नाही. त्यात बटणं एखादं जास्त येतं, केबल भलतीकडून निघते, आणि ती वस्तू तुम्ही विकत नसता.

---

काना_मात्रा

अनघाताई, मराठी मजकूर विस्कटतो त्याबद्दल मी लिहिते. मी अक्षरजुळणीचं काम करते आणि हा प्रश्न माझ्यापुढे रोज असतो.

बहुतेक टेम्प्लेट रोमन लिपी समोर ठेवून बनवलेले असतात. त्यात शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये असतं आणि अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. देवनागरीत कॅपिटल नाहीत, आणि अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते. शब्द सुटा सुटा होतो, वाचणारा अडखळतो. टेम्प्लेट उघडल्यावर पहिलं काम हेच: लेटर स्पेसिंग शून्य करा. शीर्षक उठून दिसायला वजन (म्हणजे अक्षराची जाडी) आणि आकार वापरा.

दुसरं, ओळींमधलं अंतर. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. रोमनसाठी ठरवलेलं अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. मी मजकुराला १.५ पट किंवा थोडं जास्त ठेवते, शीर्षकाला १.३ च्या आसपास. रंगीत पट्टीत मजकूर असेल तर पट्टीची उंचीही वाढवा. 'सर्व्हिस' किंवा 'पूर्ण' असले शब्द टाकून तपासा, वरखाली दोन्हीकडे काय कापलं जातंय ते लगेच दिसतं.

फाँट: मुक्ता हा माझा नेहमीचा सल्ला. मोफत आहे, ओपन फाँट लायसन्सखाली आहे त्यामुळे व्यावसायिक कामाला अडचण नाही, आणि त्यात सात वजनं आहेत. म्हणजे मजकूर, उपशीर्षक, शीर्षक सगळं एकाच कुटुंबात भागतं. त्यातली रोमन अक्षरंही त्याच घडणीची आहेत, त्यामुळे मॉडेल नंबर मराठी वाक्यात उपरा वाटत नाही. हिंद आणि नोटो सान्स देवनागरीही चांगले. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी बघा, तो त्यासाठीच घडवलाय आणि वाचायला सुंदर आहे. पण त्यात ठळक वजन नाही. सॉफ्टवेअरमधलं 'बी' बटण दाबून तो ठळक केला तर सॉफ्टवेअर नुसत्या रेघा फुगवतं, जोडाक्षरांमधल्या मोकळ्या जागा बुजतात. त्याला मजकुरापुरतं ठेवा आणि शीर्षकं मुक्ताची करा.

फाँट फक्त युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) घ्या. जुने, स्वतःच्या वेगळ्या कळफलक-रचनेचे फाँट अजून अनेक संगणकांत आहेत. त्यात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फोनवर गेला की रोमन चिन्हांची खिचडी होते, आणि पीडीएफमध्ये ग्राहकाने 'लोडसेल' शोधलं तर सापडत नाही.

आकार: छापील ए४ वर मजकूर ११ ते १२ पॉइंट. १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात ४० पिक्सेलच्या खाली काही नको. मजकूर मावत नसेल तर शब्द कमी करा, अक्षराचा आकार नको.

आकडे मराठी की इंग्रजी वळणाचे, हाही निर्णय एकदाच घ्या. काट्याच्या डिस्प्लेवर इंग्रजी वळणाचे आकडे दिसतात, तेव्हा त्या फोटोशेजारच्या मजकुरात तेच ठेवलेत तर ग्राहकाला ताडून बघणं सोपं. कुठलीही पद्धत चालेल, फक्त एकाच पानावर दोन्हींची सरमिसळ नको.

एआयच्या चित्रांबद्दल पाटीपेन्सिल यांनी लिहिलंय त्यात माझी भर: त्या चित्रांतली देवनागरी अक्षरं बारकाईने वाचा. जोडाक्षरं अनेकदा मोडलेली असतात. चित्रावर मजकूर हवाच असेल तर तो स्वतः टाइप करून वर ठेवा.

---

शाईकागद

वरचं सगळं उत्तम. छापून घेणार असाल तर एवढं बघा.

ए४ पानभर फोटो असेल तर ३०० पीपीआयला (एका इंचात ३०० पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो पानभर ताणू नका, मूळ फाइल मागवा. रंग किंवा फोटो कागदाच्या कडेपर्यंत जात असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारा जादा भाग) ठेवा, नाही तर कापताना पांढरी रेघ राहते. महत्त्वाचा मजकूर कडेपासून आत.

पडदा आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश), छपाई सीएमवायके (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी शाई). पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा भडक निळा कागदावर मंद उतरतो. कंपनीचा रंग तसला असेल तर मोठं काम देण्याआधी एक प्रूफ (नमुन्याची छापील प्रत) हातात घेऊन बघा. आणि बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईतच असावीत, चार रंगांच्या मिश्रणातला काळा नको. चारातली एक प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते, आणि अनुस्वारासारख्या लहान खुणांवर ती पहिली दिसते. पॉवरपॉइंटमधून सीएमवायके पीडीएफ निघत नाही, तेव्हा रूपांतर छापणाऱ्याकडेच होणार. त्याला या काळ्या अक्षरांचं आठवणीने सांगा.

फोटो इंटरनेटवरून उचलत असाल तर परवाना वाचा. शोधात सापडलेलं चित्र मोफत नसतं. क्रिएटिव्ह कॉमन्समध्येसुद्धा काही परवाने व्यावसायिक वापराला मनाई करतात. स्वतः काढलेल्या फोटोला ही भानगडच नाही.

---

अनघा_व

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रमाणपत्र काढून पाहिलं: लोडसेल आयपी ६७, इंडिकेटर आयपी ५४. पाटीपेन्सिल यांचं वाक्य जसंच्या तसं घेतलंय. मुक्ता टाकल्यावर पान लगेच नीट बसलं, पट्टीची उंची वाढवली.

तिसऱ्या प्रश्नासाठी, संगणकाला जोडता येईल का, मी इंडिकेटरच्या मागच्या बाजूचा फोटो घेतलाय. त्यात आरएस-२३२ (जुन्या पद्धतीचं सिरियल पोर्ट) आणि यूएसबी ही दोन्ही पोर्ट दिसतात, आणि शेजारी 'केबल लावा, वजन थेट तुमच्या शीटमध्ये' असं वाक्य.

आता अडलंय ते फोटोतच. स्टीलच्या प्लॅटफॉर्मवर माझीच सावली आणि ट्यूबलाइटचे पट्टे दिसतात. आणि इंडिकेटरच्या लाल आकड्यांचा फोटो काढला की आकडे अर्धवट येतात. डोळ्याला १२.५० दिसतंय, फोटोत एकाचा वरचा दांडा गायब, दुसऱ्याचा खालचा. फोन बदलून पाहिला, तरी तेच.

---

पाटीपेन्सिल

फोन ठीक आहे. लाल एलईडी आकडे सतत पेटलेले नसतात. सर्किट एकेक आकडा पाळीपाळीने इतक्या भरभर पेटवतं की डोळ्याला सगळे एकदम पेटलेले वाटतात. भरपूर उजेडात फोन शटर फार कमी वेळ उघडतो, तेवढ्यात सगळ्यांची पाळी येत नाही. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/३० सेकंदावर ठेवा, फोन स्टँडवर टेकवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) सगळ्यात कमी. फोटो तरी जास्त उजळ आला तर खोलीतला उजेड कमी करा, शटरला हात लावू नका. आकडे पूर्ण येतील.

स्टीलला आरशासारखं वागवा. ते समोर जे आहे ते दाखवतं, म्हणून समोर पांढरं काहीतरी मोठं ठेवा. वरचे दिवे बंद करा, काटा खिडकीशेजारी आणा (थेट ऊन नको), आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोलचा बोर्ड किंवा चादर उभी धरा. पट्टे जाऊन एकसारखी पांढुरकी चमक येईल. तुम्ही स्वतः दिसत असाल तर अंगावर गडद कपडे आणि जरा बाजूला सरकून उभं राहा.

आणि काट्याच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढू नका. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, जवळून काढलं की पुढचा कोपरा फुगतो आणि खांब वाकडा दिसतो. दोन-तीन पावलं मागे या, २ पट झूम करा, फोन प्लॅटफॉर्मपेक्षा थोडाच वर धरा. फोटो घ्यायच्या आधी लेन्स पुसा आणि प्लॅटफॉर्मवरचे बोटांचे ठसेही. डिस्प्लेवर जे वजन दिसेल ते वर ठेवलेल्या वस्तूचं खरं वजनच असू द्या, खोक्यावर छापलेल्या वजनाशी ताडून बघणारे ग्राहक असतात.